तांब्याचं कापड

१

बनुबाईंचं म्हणणं एकच होतं, की चंद्रावन्संना अलीकडं घरादाराची चाडच उरली नाही.

साठी उलटलेली बाई. न्याहारी पोटात गेली रे गेली, की पदर खोचून निघाली बागेतल्या मागाकडं, जशी काय अजून माधवनगरच्या गिरणीत पहिली पाळीच लागलीय. यायची ती दिवेलागणीला. आल्यावर चार शब्द बोलावेत, भाजी निवडू लागावी, तेही नाही. कोपऱ्यात बसून लोकरीचे गुंडे गुंडाळायचे. आश्विनाच्या उकाड्यात लोकर! फडताळावर गुंड्यांची रांग लागली, पण त्यातून एखादं टोपरं म्हणून विणून झालं नाही. वर त्यातलाच एक गुंडा घरंगळत बनुबाईंच्या पायावर पडला आणि अंगठ्याचं नख जांभळासारखं काळं झालं.

"वन्सं, लोकर गुंडाळताय का वरवंटा?" असं विचारलं, तर चंद्राबाई ओशाळं हसल्या. हळद लावायला मात्र धावत आल्या.

आणि सहीचं तर नावच काढायला नको. चंद्राबाईंचा नवरा जोतीराम, माधवनगरची त्यांची गिरणी बंद पडली त्या वर्षी 'सुरतेला काम बघून येतो' म्हणून पिशवी घेऊन गेला, तो गेलाच. ना चिठ्ठी, ना निरोप, ना मेल्याची खबर. आता ती गिरणीची चाळ पाडून नवी इमारत उठत होती. जोतीरामच्या नावची खोली चंद्राबाईंच्या नावावर करायची, तर 'नवरा मयत धरावा' असा अर्ज कोर्टात द्यायला लागत होता. बनुबाईंनी वकील गाठला, कागद आणला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. चंद्राबाईंचं उत्तर ठरलेलं. "हातातलं काम पुरं हुंदे, वैनी. मग करते."

नवऱ्याच्या, सुभेदारांच्या मागं घर, शेत आणि भाऊबंदकी एकटीनं रेटलेल्या बनुबाईंना असली बुळबुळीत उत्तरं खपत नसत. चौथीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण दुधात पाणी आणि बोलण्यात खोट, दोन्ही त्या वासावर ओळखत, असं भाऊबंद म्हणत आणि त्यांच्यापासून चार हात लांब राहत.

बुधवारचं काम आटोपून चंद्राबाई गुरुवारी पहाटे साताऱ्याला गेल्या, भाचा धैर्यशीलच्या लेकीच्या बारशाला. बनुबाईंना अंगठ्यापायी घरी राहावं लागलं, हा आणखी एक राग.

शनिवारी सकाळी दारात महेजबीन उभी राहिली. बागेचा राखणदार शमशेर, त्याची बायको. शमशेर सुभेदारांच्या पलटणीतला. सुभेदारांची शवपेटी सीमेवरून आली, तेव्हा सगळ्या वाटेत तिच्यावर हात ठेवून बसून आलेला तोच.

"भाबी, यास्नी चोर ठरिवलं," महेजबीननं पदर तोंडाला लावला. "सोमवारी पोलिसात देणार म्हणत्यात. आन् ह्यो माणूस तोंड उघडंना. व्हय म्हणंना, न्हाई म्हणंना."

"काय चोरलं म्हणं?"

"तांबं. बागंतल्या त्या बाईचं कापड."

बनुबाई लंगडत चपला शोधू लागल्या. ते कापड चंद्रावन्संच्या हातचं होतं.

२

कृष्णाकाठच्या त्या बागेत ती बाई दुमजली घराएवढी बसलेली होती. बंद गिरण्यांच्या मागांचं लोखंड जोडून केलेली. पुढ्यात उंच माग, एक हात धोटा फेकायला उचललेला. मान मात्र मागाकडं नव्हती. ती नदीच्या पुलाकडं वळलेली होती, एस्टीतनं कुणी उतरतंय का बघावं तशी. साताऱ्याच्या प्रियदर्शनी नावाच्या मुलीनं ती घडवली होती. ग्रीक लोकांच्या पुराणातली राणी, पेनेलपी. सांगलीकरांच्या जिभेवर नाव वळेना, म्हणून तिची पेनाबाई झाली.

पहिल्या दिवशी प्रियदर्शनी बनुबाईंना सांगायला गेली होती, "आजी, ही नवऱ्याची वाट बघत—" तर बनुबाईंनी तिला तिथंच तोडलं होतं. "वाट बघणाऱ्या बायकांचा आपल्याकडं दुष्काळ पडला व्हता व्हय, म्हणून परदेशातनं आणलीस?"

पेनाबाईच्या मागावर तांब्याच्या तारेचं खरंखुरं विणलेलं कापड चढायचं होतं. त्यासाठी पुतळ्याच्या पायाशी पत्र्याची खोली घालून जुना हातमाग मांडला होता आणि विणायला चंद्राबाई. दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन.

"काकू, सरळ गोष्ट हाय," बाग समितीचा अध्यक्ष यशराज म्हणाला. पांढरे बूट, कपाळावर चढवलेला गॉगल. "कुलूप शाबूत. किल्ल्या दोन. एक शमशेरकडं, एक चंद्राआत्यांकडं. आत्या साताऱ्यात. मग काल रात्री कापड कुणी नेलं? भुतानं?"

"तुला ही बाई नकोच व्हती म्हणं. घोड्याचा पुतळा पायजे व्हता."

यशराजचा गॉगल नाकावर घसरला. "घोडा शोभला असता, ते मी आजबी म्हणंन. पण म्हणून तांबं चोरतोय व्हय मी? आमचा ऊस कारखान्याला जातो काकू, भंगारात न्हाई."

प्रियदर्शनीनं मोबाइल पुढं केला. डोळे रडून सुजले होते. "आजी, हा फोटो मी बुधवारी दुपारी काढला. काम तसं फार सावकाश चाललं होतं. तार कडक आहे, हात भरून येतात, म्हणायच्या आत्या. पण बघा, डाळिंबांची नक्षी पुरी झाली होती. अजून वीतभर विणलं की संपलं असतं. आणि आज हे."

बनुबाई आत शिरल्या. आधारासाठी मागाला धरलं, तर तो डुगडुगला. एक पाय आखूड होता. हातभर कापड नाहीसं झालेलं. डाळिंबांची अख्खी ओळ गेलेली. पण जिथं कापड नव्हतं तिथं उभ्या तारा तशाच ताणलेल्या होत्या. बनुबाईंनी एकीला बोटानं छेडलं. मिरजेच्या सतारीसारखी ती झणकारली. एकही तार तुटलेली नव्हती, कापलेली नव्हती.

आणि त्या मोकळ्या तारांमध्ये, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोळ्यानं जाळं घातलं होतं.

"खोली आज पैल्यांदा कुणी उघडली?"

"मी. शमशेरच्या किल्लीनं, सगळ्यांसमोर," यशराज म्हणाला.

"आन् चोरी कालच्या रात्रीची?"

"मग कवाची?"

"मग ह्यो कोळी काय तुझ्या समितीचा मेंबर हाय?" बनुबाईंनी बोट दाखवलं. "कापड जागेवर असतं तर ह्यो बसला कुठं असता? बघ. जाळं घातलंय, चिलटं धरल्यात, खाल्ल्यात, टरफलं वाळून कोळ झाल्यात. एका रात्रीचा परपंच हाय व्हय ह्यो?"

यशराज वाकून बघत राहिला. जाळं खरंच जुनं होतं.

म्हणजे तांबं काल गेलंच नव्हतं. ते त्याआधीच गेलं होतं, आणि त्याआधी बुधवारी दुपारपर्यंत ते जागेवर होतं.

३

बागेच्या मागच्या दाराशी नानासो भंगारवाल्याचं दुकान होतं. सगळ्यांची बोटं आधी त्याच्याकडंच वळली होती, म्हणून तो तोफेच्या तोंडी दिल्यासारखा बसला होता.

"आईशपथ सांगतो आक्का, माझ्याकडं न्हाई."

"शपथ ऱ्हाऊ दे. तुझ्याकडं चोरीचं तांबं कसं येतं ते सांग."

"चोरीचं मी घेत—" नानासोनं बनुबाईंकडं बघितलं आणि वाक्य गिळलं. "कापून येतं. कातरी लावायची, गुंडाळी करायची, पळायचं. घाईचं काम असतंय."

"उभ्या तारा ठिवून आडव्या तेवढ्या कुणी काढल्या तर?"

"एक-एक?" नानासो हसला. "आक्का, तसा चोर मी जल्मात बघितला न्हाई. त्याला चोरी करायचीय का ध्यान?"

बनुबाईंना हसू आलं नाही. त्या तिथनं थेट फाटकाकडं गेल्या.

शमशेर खुर्चीत ताठ बसला होता. गणवेशाला इस्त्री, मिशीला पीळ. डोळे मात्र रात्रभर जागे राहिलेले.

"शमशेर, माझ्याकडं बघ."

"बघतोय, वैनी."

"तांबं तू घेतलंस?"

"तुमी समजाल ते."

"मला समजायला लावू नगंस, मी समजून घ्यायलाच आलीया. बुधवारी सांजचं त्या खोलीतनं शेवटी कोण भाईर पडलं?"

शमशेरची नजर क्षणभर पेनाबाईकडं गेली आणि परत पायाशी आली. "सुभेदारसाब सांगायचे, पहाऱ्यावर दिसलं ते पहाऱ्यावरच ठेवायचं."

"आरं, तुझी अब्रू चाललीया!"

"माझी जाऊ द्या, वैनी," तो हळूच म्हणाला.

बनुबाई वळल्या आणि चार पावलांवर थबकल्या. माझी जाऊ द्या. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी राहावी म्हणून. हा गडी कुणाला तरी पाठीशी घालत होता. बायकोला रडवून, भाकरीवर पाणी सोडून. असं कुणासाठी करील तो? त्याच्या आयुष्यात असं करण्याजोगा एकच माणूस होऊन गेला होता, आणि तो पेटीतून घरी आला होता.

४

प्रियदर्शनी पुतळ्याच्या सावलीत बसली होती. बनुबाई तिच्याशेजारी टेकल्या. वरून लोखंडी बाई पुलाकडं बघत होती.

"त्या दिवशी तुझी गोष्ट मी तोडली," बनुबाई म्हणाल्या. "आता पुरी सांग."

"राजा लढाईला गेला, आजी. लढाई संपली, बाकीचे परत आले, हा आला नाही. वीस वर्षं. मग राणीच्या दारात मागणी घालणारे येऊन बसले. म्हणायचे, तो मेला, हे एकदा कबूल कर आणि आमच्यातला एक निवड."

"मग? काय सांगून थोपवलं तिनं त्यास्नी?"

"म्हणाली, हातातलं हे कापड पुरं होऊ दे. मग सांगते."

बनुबाईंचा अंगठा चोळणारा हात थांबला.

"झालं का पुरं?"

"कसं होईल? दिवसा विणायची आणि अंधार पडला की स्वतःच्या हातानं उसवायची."

पुलावरून एक एस्टी गेली.

"ही गोष्ट तू वन्संना सांगितलीस?"

"पहिल्याच दिवशी. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावली. मला वाटलं, आवडली." प्रियदर्शनीचा आवाज एकदम बारीक झाला. "आजी, तुम्ही असं का बघताय?"

बनुबाई तशाच उठल्या. त्या घरी आल्या, फडताळापुढं उभ्या राहिल्या आणि निळ्या लोकरीचा गुंडा उचलून हातावर तोलला. लोकर कधी कुणाच्या पायाचं नख काळं करते का? दारातल्या पायरीवर बसून त्या गुंडा सोडू लागल्या. दोन फेर, चार फेर, दहा फेर, आणि लोकरीखालून तांबं लकाकलं.

तार नागमोडी झालेली होती. उभ्या तारेवरून जिथं जिथं गेली होती, त्या प्रत्येक जागेचा बाक तिच्यात राहिला होता.

हा बाक बनुबाईंना ओळखीचा होता. सुभेदार गेले त्या हिवाळ्यात त्यांचा पलटणीचा स्वेटर उसवून त्यांनी पोरांसाठी विणायला घेतला होता. लोकर कितीदा धुतली, वजन लावून वाळवली, पण वळणं जाईनात. ज्या छातीवर ती बसली होती तिचा आकार ती सोडायलाच तयार नव्हती. शेवटी ती लोकर तशीच ट्रंकेत राहिली. कुणाला सांगितलं नव्हतं.

काचेच्या कपाटात वकिलाचा कागद होता. शेजारी टोपण काढलेलं पेन. बनुबाई त्या दोन्हींकडं बघत राहिल्या. वन्संच्या दारात 'तो मेला, कबूल कर' म्हणून कोण ठाण मांडून बसलं होतं, हे कुठल्या परदेशी पुराणात शोधायला नको होतं.

५

रविवारी दुपारी चंद्राबाई साताऱ्याहून परतल्या. घरी कुलूप आणि शेजारणीकडं निरोप: बागेत या.

पत्र्याच्या खोलीत सगळे होते. यशराज, प्रियदर्शनी, दाराशी शमशेर. मधोमध बनुबाई, मांडीवर कापडी पिशवी. चंद्राबाई उंबऱ्यातच थिजल्या. हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कंदी पेढ्यांचा पुडा.

बनुबाईंनी पिशवी उपडी केली. गुंडे धपाधपा जमिनीवर पडले. एकही उसळला नाही.

"यशराज, लोकर सोड आन् तांबं वजन करून घे. गुंजभर कमी भरलं तर माझ्या पाटल्या घिऊन जा. चोरी न्हाई झाली. कापड उसवलंय. उभ्या तारा ठिवून एक-एक आडवी तार काढायची, ते चोराच्या हाताला जमत न्हाई. विणणाऱ्याच्याच हाताला जमतं. कोळ्यानं दिवस सांगितला, बुधवार. बुधवारी सांजचं ह्या खोलीत एकच माणूस व्हतं. आन् माझ्या अंगठ्यानं जागा दाखवली."

"पण शमशेरनं सांगितलं का नाही?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"काय सांगितलं न्हाई?" चंद्राबाईंनी गोंधळून शमशेरकडं बघितलं. "भाऊ, काय झालं?"

"त्याला चोर ठरिवला," बनुबाई म्हणाल्या. "तुमच्यापायी. उद्या पोलिसात जाणार व्हता."

पेढ्यांचा पुडा चंद्राबाईंच्या हातातनं सुटला. "भाऊ! आवं, मला फोन तरी करायचा. मी धावत आले असते."

"सुभेदारसाबांची भन तुमी," शमशेर भिंतीकडं बघत म्हणाला. "रोज सांजचं उसवताना बघायचो. तुमास्नी चोर म्हणू? त्यापरास मलाच म्हणू दे म्हटलं."

यशराजनं गॉगल खिशात घातला. "शमशेरचाचा, माझं चुकलं," तो पुटपुटला. "घरी येऊन चाचीची माफी मागतो."

"मागशील, आजच मागशील," बनुबाई म्हणाल्या. "आता समदी भाईर व्हा. हितनं पुढं आमच्या घरातलं हाय."

दार लोटलं गेलं. दोघी उरल्या. पत्र्यावर उन्हानं टिकटिक आवाज होत होता.

"का, वन्सं?"

चंद्राबाईंनी बांगड्या मागं सारल्या. "पाडवा, वैनी."

बनुबाईंना पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

"दर पाडव्याला मी ताट लावते. निरांजन, सुपारी, कुंकू. उंबऱ्यात ठिवते, वाटेकडं तोंड करून. वात इझंस्तोवर बसते. येड्यावानी दिसतं, ठावं हाय मला. पण सही केल्यावर ताट कुणासाठी लावू? कापड पुरं झालं की सही करीन म्हणून तुमास्नी शब्द दिला व्हता, आन् कापड तर पाडव्याच्या आधीच पुरं व्हायला आलं. ह्या येळचा एक पाडवा, वैनी. एवढाच पायजे व्हता."

"मग सरळ न्हाई म्हणायचं व्हतं."

"तुमच्यापुढं न्हाई कोण म्हणतंय?"

बनुबाईंच्या तोंडावर असं बोलून आजवर कुणी दुसरा श्वास घेतला नव्हता. पण आज त्यांच्या डोळ्यांपुढं ते ताट आलं. दर पाडव्याला त्या ताटाचा उजेड माजघर ओलांडून त्यांच्या खोलीच्या दाराखालून आत यायचा. वारा येतो, असं सांगून त्या दाराच्या फटीला चादर लावायच्या. त्यांना निदान पेटी मिळाली होती, असं गाव म्हणायचं. पेटी मिळालेल्या बाईला ताट लावता येत नाही, हे गावानं कधी म्हटलं नाही. उंबऱ्यात बसलेल्या त्या बाईचा त्यांना किती हेवा वाटत आला होता, हे चादरीलाच ठाऊक.

त्यांनी कमरेला खोचून आणलेला वकिलाचा कागद काढला. दोन घड्या घातल्या, चार घातल्या, पार जाडजूड केला. मग गुडघ्यावर हात देऊन कण्हत खाली वाकल्या, आणि मागाच्या आखूड पायाखाली तो कागद ठोकून बसवला. माग हलवून बघितला. तो हलेना.

चंद्राबाई तोंडावर हात ठेवून बघत होत्या.

"ऐका वन्सं, निवाडा ऐका," बनुबाई उठता उठता म्हणाल्या. "तुमच्यापायी चांगल्या माणसाच्या नावाला काळं लागलं. म्हणून ह्या दिवाळीचा पैला फराळ तुमी स्वतः करायचा आन् डोईवर घिऊन शमशेरच्या घरी जायचं. माझ्या अंगठ्याला रोज तेल लावायचं, नवं नख येईस्तोवर. डाळिंबं परत विणायची, पाडव्याच्या आत, आन् एक तारसुदीक उसवायची न्हाई. चाळीतल्या खोलीचं मी बघते, वकिलाला मी सांगते. ताट लावाल तवा मला हाक मारा, मी बी शेजारी बसंन. आवं, कापड पुरं झालं म्हणून कुणाचा नवरा मरत न्हाई. वाट बघायची तर राजरोस बघा. चोरून वाट बघायची चाल माझ्या घरात न्हाई. डोळं पुसा, आन् बसा मागावर."